तातडीचा प्रसंग वगळता

ग्रामसेवकाचं काम नेमकं काय असतं, असं शहरातले पाहुणे मला अजून विचारतात. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घरपट्टी, नळाचं पाणी अशी उत्तरं मी देतो आणि त्यांचं समाधान होतं. खरं उत्तर जरा वेगळं आहे. मी एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं. गावाने बोलायचं आणि भाऊसाहेबांनी लिहायचं, ही ती नोकरी. आमच्या भागात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. तलाठ्यालाही म्हणतात, त्यामुळे दोघांच्या शिव्या अधूनमधून एकमेकांच्या पत्त्यावर जायच्या.

लिहायचं ते प्रोसिडिंग बुकात. ग्रामसभा भरली, कुणी विषय मांडला, कुणी अनुमोदन दिलं, काय ठरलं, हे सगळं त्यात उतरवायचं आणि खाली अध्यक्षाची, म्हणजे बहुधा सरपंचाची, सही घ्यायची. पानांना नंबर असतात. मधे ओळ मोकळी सोडायची नाही. आणि मुख्य म्हणजे खाडाखोड करायची नाही. एखादा ठराव चुकला तर त्याच्यावर रेघ ओढता येत नाही. पुढच्या सभेत नवा ठराव करायचा, जुना जागच्या जागी राहतो. मला नोकरीत हा नियम शिकवणारे साहेब म्हणाले होते की पेनाचं टोपण काढण्याआधी विचार करत जा. मी मान डोलावली होती, तेव्हा वय बावीस होतं.

गावं काय काय ठराव करायला लावायची! एका गावाने न थांबणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरचा एकमताने निषेध केला आणि दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्याच गाडीत बसून हिंगोलीला गेले. आमच्याकडच्या, मुंबईच्या नव्हे, गोरेगावचा एक गृहस्थ, सख्ख्या भावाने आपल्याशी बोलावं असा ठराव घ्या म्हणून तीन महिने माझ्या मागे होता. हा विषय ग्रामपंचायतीचा नाही असं मी सांगितलं तर म्हणाला, मग कोणत्या हापिसात जाऊ ते तरी सांगा. मला आजही ते हापिस माहीत नाही.

पण आज लिहायचं आहे ते दोन ठरावांबद्दल. पहिल्यात माझ्या हातून तीन शब्द जास्त पडले, ते मला आजही टोचतात.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझा चहा चालू आहे. सेनगाव तालुक्यातलं, एका नदीच्या काठचं. आपण त्याला वरचं गाव म्हणू. दीड कोसावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, दुसरं गाव. ते खालचं. नव्वदच्या दशकात मी वरच्या गावाला रुजू झालो तेव्हा जिल्हा परभणीच होता. हिंगोली वेगळी झाली ती मी तिथे असतानाच.

दोन्ही गावांच्या मधे कोल्हापुरी बंधारा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नदीत दगडी खांब असतात आणि खांबांच्या खाचांत लोखंडी फळ्या बसवतात. आमच्याकडे त्यांना प्लेटा म्हणतात. पावसाळा सरला की प्लेटा टाकायच्या, वर पाणी अडतं. पाऊस लागायच्या आधी काढायच्या. वरच्या गावाने प्लेटा टाकल्या की खालच्या गावाची नदी महिन्याभरात उघडी पडायची. मग खालचे लोक यायचे आणि दोन-चार प्लेटा काढून नदीत टाकून द्यायचे. हे असं दर हिवाळ्याला.

हा बंधारा गावात आणला तो सरपंच देवराव यांनी. देवराव आधी गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचे. माणूस उमदा, तोंडाने तिखट, हाताने मोकळा. बंधाऱ्यासाठी सात वर्षं त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, तेही स्वतःच्या जीपमधे स्वतःचं डिझेल घालून. त्यामुळे बंधाऱ्याची प्लेट काढली की त्यांना कुणी अंगावरचा सदरा ओढल्यागत व्हायचं. मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला ते दुष्ट वाटतील. ते दुष्ट नव्हते. त्यांना थांबवायची कुणाला सोय नव्हती, एवढंच.

प्लेटा काढल्याची खबर आली की देवराव ग्रामपंचायतीत यायचे, भोंगा चालू करायचे आणि म्हणायचे, "घरटी एक माणूस. बंधाऱ्यावर." बस. तीन ट्रॉल्या भरायच्या. काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे, आणि ज्वारीवरची पाखरं हाकायच्या गोफणी. तिकडूनही तशीच फौज यायची. अर्धा तास दगड चालायचे, मग पोलिसांची गाडी यायची, मग दोन्हीकडचे जखमी एकाच टेम्पोत बसून हिंगोलीच्या दवाखान्यात जायचे.

लोक का जायचे? पाण्यासाठी जायचे, हे निम्मं उत्तर झालं. पाणी सगळ्यांच्या शेताला लागत नव्हतं. तांड्यावरच्या माळाला तर थेंबही मिळत नव्हता, तरी तांड्यावरची माणसं ट्रॉलीत असायची. उरलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यावर ऐकू यायचं. देवराव यादी घेऊन बसायचे आणि ज्या घरातून माणूस गेला नाही त्या घराचं नाव वाचायचे. शिवी नाही, दंड नाही. नुसतं नाव, सावकाश, दोनदा. ज्याचं नाव वाचलं जाई त्याला हॉटेलात कुणी बाकावर सरकून जागा देत नसे.

ती यादी माझ्या हातची असायची. घरपट्टीच्या रजिस्टरावरून सगळ्या घरांची नावं मीच उतरवली होती आणि तो कागद माझ्याच टेबलाच्या खणात असायचा. भोंगा झाला की सरपंच मागायचे, मी काढून द्यायचो. कशाला हवी, हे मला ठाऊक होतं. माझं काम लिहायचं, वाचणारे जाणोत, अशी माझी तेव्हाची समजूत होती. ती सोयीची होती.

खालच्या गावचा ग्रामसेवक माझ्याच भरतीतला. तालुक्याच्या मीटिंगला आम्ही शेजारी बसायचो आणि एकाच डब्यात जेवायचो. तुझी फौज, माझी फौज असं बोलून हसायचोही. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

शांताबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या, बौद्धवाड्यातून निवडून आलेल्या. दोन एकर कोरडवाहू, शिवाय रोजाने जाणं. साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकलेल्या, त्यामुळे जे समोर येईल ते वाचायच्या, बिस्किटाच्या पुड्यावरचंसुद्धा. सभेत त्या फारशा बोलत नसत. पण सही करण्याआधी वरचं सगळं वाचून घेत, आणि बाकीचे सदस्य घड्याळ पाहत बसत. त्यांची लेक कमल खालच्या गावात दिलेली होती. यात नवल काही नाही. दोन्ही गावांच्या निम्म्या सोयरिकी एकमेकांतच होत्या.

एका वर्षी भोंगा झाला आणि शांताबाईंचे यजमान मारोतराव घरात बसून राहिले. समोरून जावई असणार, मी कुणावर दगड उचलू, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी खरंच जावई समोर होता. त्याचा हात मोडला. कुणाच्या दगडाने ते कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी यादीतलं पहिलं नाव मारोतरावांचं वाचलं गेलं. आठवडाभर ते हॉटेलच्या बाजूला फिरकले नाहीत. आणि तिकडून निरोप आला की कमलला माहेरी धाडणार नाही, तुम्हीही येऊ नका.

तेव्हा शांताबाई माझ्याकडे आल्या. ऑफिसात मी एकटाच होतो. त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मागच्या वर्षाचं बुक काढा. मी काढलं. त्यांनी बोट ठेवत ठेवत चार-पाच पानं वाचली आणि विचारलं, बंधाऱ्यावर जायचं कोणत्या सभेत ठरलं? मी म्हटलं, असं सभेत ठरत नसतं, बाई. त्यावर त्या जे बोलल्या ते मी कुठल्याही बुकात लिहिलं नाही, पण शब्द न् शब्द लक्षात आहे.

"भाऊसाहेब, मोरीवर ढापा टाकायचा तर ठराव लागतो. खांबावरचा बल्ब बदलायचा तर ठराव लागतो. मंग माणसं फोडायला ठराव काहून लागत न्हाई?"

उत्तरही त्यांच्याकडेच होतं. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी विषय मांडला की सरपंचांनी गावाला भांडणाला न्यायचं असेल तर आधी ग्रामसभेची परवानगी घ्यावी. तांड्याचे रामजी नाईक तेव्हा उपसरपंच होते, आमची गावाची आणि तांड्याची ग्रामपंचायत एकच. त्यांनी अनुमोदन दिलं. मला वाटलं, आता देवराव उसळतील. ते हसले. "लिहा की भाऊसाहेब, आमी कुठं न्हाई म्हणून राहिलो," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा येईतोवर ते माझ्या खुर्चीपाशी वाकले आणि हळूच म्हणाले, एवढं फक्त घाला, तातडीचा प्रसंग वगळता. उद्या कुणी बंधाराच फोडून राहिला तर मी काय सात दिवसांची नोटीस काढत बसू? आणि खरं सांगतो, मला ते पटलं. बरोबरच वाटलं. मी लिहिलं, 'तातडीचा प्रसंग वगळता, ग्रामसभेच्या परवानगीशिवाय सरपंचांनी भोंग्यावरून गावास बंधाऱ्यावर बोलावू नये.' ठराव जमलेल्यांना वाचून दाखवायचा असतो, त्यांत मारोतरावही मागे बसले होते. मी वाचला, पण ते तीन शब्द कपबश्यांच्या आवाजात वाचले. जाणूनबुजून नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

शांताबाईंनी सहीच्या वेळी नेहमीप्रमाणे बोट ठेवून वाचलं. बोट त्या शब्दांवर थांबलं. वगळता म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही बाई, कायद्याची भाषा असते ती. त्यांनी सही केली.

त्यानंतरचा पाऊस कमी झाला. हिवाळ्यात प्लेटा निघाल्याची खबर आली आणि भोंगा वाजला. "तातडीचा प्रसंग हाय," देवराव म्हणाले. "ठरावाप्रमाणं. घरटी एक माणूस." ठरावाप्रमाणे हा शब्द ऐकून मी टेबलावरून उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो आणि तिथून ट्रॉल्या जाताना पाहिल्या. दुसऱ्या ट्रॉलीत मारोतराव होते. या वेळी आपलं नाव वाचलं जाऊ नये म्हणून ते निघाले होते. हातात काही नव्हतं. नुसते उभे राहिले असते आणि परत आले असते. समोरून गोफणीचा गोटा आला आणि त्यांचा उजवा डोळा गेला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा मारोतराव पट्टी बांधून झोपले होते. शांताबाई खाटेपाशी खाली बसल्या होत्या. देवराव आधीच तिथे येऊन गेले होते, रात्रंदिवस जीप हाताशी ठेवा म्हणाले होते, आणि ते खरंच मनापासून म्हणाले असतील. शांताबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी म्हणला होता, काही न्हाई, कायद्याची भाषा हाय."

मी एकतीस वर्षांत साहेबांच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्या, दोनदा खुलासे दिले, एकदा पगारवाढ रोखली गेली. त्यातलं काही या एका वाक्याइतकं लागलं नाही. मी परत आलो आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा कायदा नोकरीसाठी नव्हे तर कामासाठी वाचला.

दुसरा ठराव शांताबाईंनी बांधला, मी फक्त लिहिला. आधी बायकांची ग्रामसभा घ्यायची, तिथे झालेलं मोठ्या ग्रामसभेपुढे ठेवायचं, असा नियम तोवर आलेला होता. बहुतेक गावांत ती सभा कागदावरच व्हायची, हे मीही केलेलं आहे. या वेळी ती खरीखुरी झाली, समाजमंदिरात. मी मसुदा करून नेला होता. परवानगी, नोटीस, मुदत असं त्यात सगळं होतं, आणि अपवाद एकही ठेवला नव्हता. मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, हे समदं ठीक हाय, पण याच्यानं काही थांबणार न्हाई. मग त्यांनी दोन गोष्टी घालायला लावल्या. सभेत जो जायचं म्हणून हात वर करील त्याचं नाव बुकात लिहायचं आणि त्यानेच जायचं, दुसऱ्या कुणाला धाडायचं नाही. आणि जो जाणार नाही त्याचं नाव भोंग्यावर वाचायचं नाही. ग्रामपंचायतीने कुणाला यादी द्यायचीच नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी देवरावांची ताकद त्यांच्या जीपमधे, आवाजात, ओळखीत शोधत होतो. ती माझ्या टेबलाच्या खणात होती.

देवरावांना या ठरावाचा वास लागला. त्यांनी सरळ विरोध केला नाही. ग्रामसभेच्या दिवशी त्यांची माणसं आलीच नाहीत. ठरावीक संख्या असल्याशिवाय ग्रामसभा चालत नाही, त्याला कोरम म्हणतात. देवरावांनी माणसं मोजली, कोरम नाही म्हणाले, आणि सभा तहकूब केल्याची सही खुशीने ठोकली. पाच वर्षं सरपंच असून त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. विषय मात्र तेच हवेत. मी त्यांना हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पुढची तारीख नियमाप्रमाणे फळ्यावर लावली, दवंडी दिली. देवराव आले नाहीत. रामजी नाईक अध्यक्षस्थानी बसले. जमलेल्यांत बहुतेक बायका, थोडे म्हातारे आणि पट्टी निघालेले मारोतराव. एका म्हाताऱ्याने शंका काढली की सरपंचाचे हात असे बांधले तर गावाला नेता कशाला हवा. रामजी नाईक म्हणाले, "आमच्या तांड्यात नायक एकटा उठून निघत न्हाई. चार जणांत बसावं लागतं. बसलं म्हंजे नायकी जात न्हाई." ठराव मंजूर झाला. मी तो वाचला, उभं राहून, आणि चहा नंतर आणायला सांगितला.

ठरावाची प्रत पंचायत समितीला पाठवावी लागते. पंधरा दिवसांत उत्तर आलं की सदर विषय ग्रामपंचायतीच्या कक्षेत येत नाही. देवरावांनी ते पत्र चावडीवर वाचून दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, काय भाऊसाहेब, गेला का तुमचा ठराव? मी म्हटलं, बरोबर आहे साहेबांचं. भांडण हा ग्रामपंचायतीचा विषयच नाही. म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा आणि ग्रामपंचायतीची यादीही त्याला वापरता येत नाही. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव हजरजबाबी वाक्य आहे. ते आदल्या दिवशी पत्र वाचून पाठ केलं होतं, हेही सांगून टाकतो.

खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली. भर दुपारी एकजण धापा टाकत आला, चार प्लेटा काढल्या म्हणाला. देवराव भोंग्यापाशी गेले. मी त्यांना ठराव आहे म्हणालो. ते म्हणाले, तुमची बदली कनेरगाव नाक्याच्याही पलीकडं करून टाकीन, आणि भोंगा चालू केला. घरटी एक माणूस. मग हात पुढे करून म्हणाले, यादी. जिल्हा परिषदेत त्यांची माणसं होती आणि माझी मुलगी दहावीला होती. मी खण उघडला, प्रोसिडिंग बुक काढलं आणि दुसऱ्या ठरावाचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

बाहेर माणसं जमली होती. पण ट्रॉलीत चढण्याआधी जो तो ऑफिसच्या दाराकडे पाहत होता, देवराव हातात कागद घेऊन बाहेर येतात का ते. देवराव आले ते मोकळ्या हाताने. पाच-सहा जण ट्रॉलीत चढले होते, ते इकडेतिकडे पाहून एकेक करून उतरले. घरी गेलेल्यांचं नाव उद्या वाचलं जाणार नाही हे सगळ्यांना एकदम कळलं.

देवरावांना सभा बोलवावी लागली. सात दिवसांची नोटीस मी काढली. सात दिवसांत माझं पाणी पार हट्टा गावापर्यंत वाहून जाईल, असं ते येईल त्याला ऐकवत होते. त्या सात दिवसांत बरीच माणसं आपापली ज्वारी पाहायला गेली, एक लग्न झालं, आणि राग होता तसा राहिला नाही. सभेला मात्र गाव लोटलं. देवराव पोटतिडकीने बोलले. सात वर्षं खेटे घालून बंधारा कसा आणला ते त्यांनी सांगितलं, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. शेवटी म्हणाले, ज्याला गावाची चाड आहे त्याने हात वर करावा. मी पेनाचं टोपण काढलं. नावं लिहायची होती.

कुणीच हात वर केला नाही. जे त्यांच्यासाठी ट्रॉलीत पहिले चढायचे ते खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. देवरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि स्वतःचा हात वर केला. "लिहा भाऊसाहेब," ते म्हणाले. "एक." मी लिहिलं. त्या माणसाची मला तेव्हा फार कीव आली आणि त्याच वेळी अभिमानही वाटला. दुसऱ्यांना पाठवून तो स्वतः मागे राहणारा नव्हता.

तेवढ्यात बायकांतून शांताबाई उठल्या.

"सरपंच एकटे जाऊन राहिले तर मी येते संगं," त्या म्हणाल्या. "माझंही नाव लिहा. भांडायला न्हाई. लेकीला भेटायला."

देवरावांचा हात अजून वरच होता, तो हळूहळू खाली आला. मी अध्यक्षांच्या परवानगीची वाट न पाहता दुसरं नाव लिहिलं. बुकात ती दोन नावं एकाखाली एक आजही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावांच्या जीपमधे पुढे शांताबाई, मागे मी आणि रामजी नाईक. कायद्याचा माणूस म्हणून मला घेतलं होतं. बगलेत रजिस्टर होतं, तेवढंच माझं शस्त्र. खालच्या गावच्या वेशीत जीप ओळखून माणसं गोळा झाली. एक-दोघांच्या हातात दगडही होते. शांताबाई आधी उतरल्या. कुणीतरी म्हणालं, कमलची आई हाय. मग दगड कुणी कुठे टाकले ते मी पाहिलं नाही. आम्ही कमलच्या घरी गेलो. देवराव त्या ओसरीवर बसले, समोर ज्याचा हात मोडला होता तो जावई. त्यानेच पाणी आणून दिलं, डाव्या हाताने. देवरावांनी तांब्या घेतला पण बराच वेळ तोंडाला लावला नाही. शांताबाई आत गेल्या. आतून रडण्याचा आवाज आला आणि मग आमच्यापैकी कुणाला भांडता येईना.

तडजोड साधी निघाली, इतकी साधी की इतकी वर्षं का सुचली नाही याचा राग यावा. प्लेटा दोन्ही गावांनी मिळून टाकायच्या आणि दोन खांबांच्या मधे एक प्लेट कमी टाकायची, म्हणजे नदी वाहती राहील. पुढेही कुरबुरी झाल्या, कागदोपत्री तक्रारी झाल्या. भोंगा मात्र त्यासाठी पुन्हा वाजला नाही. देवराव पुढची निवडणूक हरले. माझी बदली त्यांनी केली नाही.

माझी बदली झाली ती रीतीप्रमाणे, त्यानंतर तीन वर्षांनी. निरोपाला ऑफिसात शाल-नारळ झालं, दोघा-तिघांची भाषणं झाली. सगळं उरकल्यावर शांताबाई आणि मारोतराव मागे थांबले. शांताबाई म्हणाल्या, जाताना एक काम करा, ते जुनं बुक काढा. मला वाटलं, त्यांना दुसरा ठराव ऐकायचा असेल. त्या म्हणाल्या, न्हाई, पहिला. आणि मारोतरावांना खुर्चीवर बसवलं, माझ्या अगदी समोर.

मी पान काढलं. माझंच अक्षर, ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेलं. त्या पानावर मला आता रेघ ओढता येत नव्हती. मी वाचायला लागलो. 'तातडीचा प्रसंग वगळता' एवढं मी भरभर वाचून पुढे गेलो. शांताबाई म्हणाल्या, सावकाश वाचा, घाई न्हाई. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने. मारोतराव डावा डोळा माझ्यावर ठेवून ऐकत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"आता ऐकू आलं," ते म्हणाले, आणि उठून माझ्या खांद्यावरची शाल नीट केली.